वाढला

हॅलिफॅक्स. नोव्हेंबर. दुपारचे सव्वाचार
आणि अंधार पडून झालाय.
जिन्याच्या दिव्याचं बटण दाबलं,
एक निळसर चमक, टिंग असा बारीक आवाज,
आणि मागोमाग खालून, कोट टांगतो त्यामागच्या डब्यातून
खट्.

वरचं सगळं गेलं.
न्हाणीघरातला, तन्मयच्या खोलीतला,
मी हातही न लावलेला प्रत्येक दिवा.
खाली फ्रिज मात्र घुमत राहिला
कुणाच्या अध्यात ना मध्यात.

"आई, काय केलंस?"
मी काय केलं!
साठ वॅटचा एक बल्ब, जुन्या धाटणीचा,
आधीच्या भाडेकरूनं जिन्याखाली साठवलेल्या खोक्यातला.
त्याचे दिवस भरले, तो गेला.
पण जाताना अख्खा मजला का न्यावा?

शेजारचे क्लिफर्ड ऍक्रॉइड घरातल्या सपातांवरच आले.
वय एक्क्याऐंशी, त्यातली चाळीस वर्षं
गालिचाच्या गिरणीत वायरमन.
डब्यात एकच बटण मान टाकून पडलेलं,
ते त्यांनी लगेच उचललं नाही.
आधी बल्ब काढला, ढकलून, फिरवून,
कानाशी धरून हलवला.
आत तुटकी तार किणकिणली.
काचेला आतून काजळीचा डाग.

"तार तुटली की वीज थांबते, असं वाटतं ना?
लगेच नाही थांबत.
दोन तुटक्या टोकांमध्ये ठिणगी पूल टाकते.
आतला वायू तापतो, तोच वाट होतो.
ठिणगी तार खात खात मागे सरकते
जाड खांबांपाशी पोचेपर्यंत,
मग अडवायला कुणी उरत नाही.
जन्मभर पाव अँपिअरवर भागवलेला जीव
एका क्षणात तीस ओढतो.
जुनी फ्यूजची तार सोशीक होती,
तिला तापायला वेळ लागायचा,
तोवर इकडे सगळं आटपलेलं.
हे नवं बटण तल्लख. बघतं आणि पडतं.
त्याचंही चुकलं नाही, लव्ह."
(लव्ह इथे पोस्टमनलाही म्हणतात.)

आम्ही कासार.
सांगोल्याच्या बाजारात आई बांगड्या भरायची,
समोरच्या बाईचा पंजा लोण्यासारखा मळत.
एखादी पिचायची.
फुटली म्हणायचं नाही.
वाढली म्हणायचं.
नारळ वाढवायचा, दिवा वाढवायचा,
बांगडी वाढायची,
आणि रात्री अण्णा वहीत लिहायचे:
वाढल्या, अकरा.
तोट्याच्या रकान्यात.
मला ते धडधडीत खोटं वाटायचं.
मोठ्या माणसांचं, गोड बोलून झाकलेलं.

आता क्लिफर्डच्या तळहातावर ती काळवंडली काच,
आणि माझ्या डोक्यात तीस अँपिअर.
म्हणजे तुटताना खरंच वाढतं?
थोडा वेळ. इतका थोडा
की फक्त तल्लख बटणाला कळावं.

त्यांना सांगायला गेले.
आमच्या भाषेत दिवा विझला म्हणत नाहीत,
तो अधिक झाला म्हणतात.
इंग्रजीत ते उतरेना, मध्येच कुठेतरी अडकलं.
त्यांनी मान डोलावली, चष्मा पुसला,
म्हणाले, "मग बिलही तुमच्याकडे
त्याच भाषेत पाठवत असतील."

बटण वर केलं.
न्हाणीघर उजळलं, तन्मयची खोली उजळली.
जिना तेवढा राहिला.
खोक्यातला दुसरा बल्ब लावायचा धीर होईना,
आणि कोपऱ्यावरच्या दुकानात
नाताळच्या माळा होत्या, बल्ब नव्हते.

जुना कागदात गुंडाळला.
खर्चाच्या वहीत दूध, बसचा पास, मोजे,
त्याखाली लिहिलं:
वाढला, एक.
कुठल्या रकान्यात, ते अजून ठरलेलं नाही.

तन्मय अंधारात जिना उतरतोय,
भिंतीला हात लावून, मोठ्यानं मोजत.
पायऱ्या तेरा आहेत.
त्याची रोज एक वाढते.